वजन तळहातावर

कुबड्या घरात येतात तेव्हा त्यांच्याकडे नीट बघायला कुणाला सवड नसते. सगळं लक्ष पायाकडे. प्लास्टर, एक्सरेचं पाकीट, गोळ्यांच्या वेळा, रजेचा अर्ज. दाराआड टेकवलेली ॲल्युमिनियमची जोडी कुणीतरी फार्मसीतून घाईने आणलेली असते, नाहीतर वाड्यावरच्या एखाद्या घरातून मागून आणलेली. ती ज्या उंचीवर आली त्याच उंचीवर माणूस चालायला लागतो आणि चौथ्या दिवशी म्हणतो, पायाचं सोडा, काखा आणि हातच कामातून गेले.

हे दुखणं भोगायलाच हवं असं काही नाही. बहुतेक वेळा ते मापाचं दुखणं असतं. हाड आपल्या वेळेनेच जुळणार, तिथे कुणाची घाई चालत नाही. कुबडी मापात आणायला मात्र दहा मिनिटं पुरतात.

ढोबळ हिशेब असा: माणसाच्या उंचीतून ४० सेंटिमीटर वजा करायचे. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला काखेची कुबडी साधारण १२५ सेंटिमीटरची लागते. ही फक्त सुरुवात. खरं माप उभं राहूनच घ्यायचं, आणि चांगल्या पायात जे घालून रोज वावरणार तेच घालून. अनवाणी घेतलेलं माप बूट चढवला की चुकतं. भिंतीला पाठ टेकून उभं राहावं, खांदे सैल सोडावेत, कुबडीची टोकं पावलांपासून १५ सेंटिमीटर बाजूला आणि तेवढीच पुढे ठेवावीत. आता काख आणि वरची गादी यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं आडवी सहज शिरली पाहिजेत. खांदे कानांकडे चढत असतील तर कुबडी उंच झाली. कमरेतून पुढे वाकावं लागत असेल तर ती बुटकी आहे.

मग मूठ. हात खाली सैल सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे मूठ असावी, म्हणजे ती धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकतं. कोपर काठीसारखं सरळ राहिलं तर हाताला उचलायला जागाच उरत नाही, आणि शरीर आपोआप काखेत लोंबायला लागतं. मूठ फार वर असली तर दंडाचा मागचा स्नायू शंभर पावलांतच थरथरतो. उंचीची छिद्रं साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर असतात. एक छिद्र वर की खाली, एवढ्याने दिवसभराचा फरक पडतो. बटण दाबून नळी सरकवली की दोन्ही कुबड्यांची छिद्रं मोजून सारखी करावीत आणि बटण पुरतं बाहेर आलं आहे ना ते अंगठ्याने चाचपावं. अर्धवट अडकलेलं बटण पहिल्या दहा पावलांत धरून राहतं, अकराव्याला सुटतं. मुठीच्या बोल्टला पंखाचा नट असतो. तो अंगापासून दूर, बाहेरच्या बाजूला ठेवावा, नाहीतर साडीचा पदर किंवा लेंग्याची नाडी त्यात गुंतते. चालण्याच्या धक्क्यांनी तो सैल होतो, म्हणून दर रविवारी पिळून बघायचा.

वरची गादी काखेत रुतवण्यासाठी नाहीच. ती बरगड्या आणि दंड यांच्यामध्ये चिमटीत धरायची असते, कुबडी डगमगू नये म्हणून. वजन सगळं तळहातावर, मनगटाजवळच्या मांसल भागावर. काखेतून एक नस दंडाच्या हाडामागून वळसा घेत मनगटाकडे जाते. मनगट आणि बोटं वर उचलणं हे तिचं काम. रोज तासन्‌तास काखेत रेटा बसला की ती दबते. आधी मुंग्या येतात, मग हाताच्या मागच्या बाजूला बधिरपणा, आणि दुर्लक्ष केलं तर मनगट खाली लोंबतं, कपही धरता येत नाही. दाब काढला की नस बहुधा सावरते, पण त्याला आठवडे जातात, कधी महिने. मुंग्या आल्या की त्याच दिवशी माप पुन्हा बघायचं आणि डॉक्टरांना सांगायचं.

काखेला दुखतं म्हणून तिथे जाडजूड स्पंज बांधायचा, हा सगळ्यांना सुचणारा उपाय आहे आणि तो चुकीचा आहे. जेवढी मऊ गादी तेवढं तिच्यावर रेलावंसं वाटतं. गादीचं रबर त्वचेला घासत असेल तर त्यावर जुन्या सुती साडीच्या किंवा पंचाच्या कापडाची पातळ खोळ शिवावी, तेवढी पुरते. जाडी द्यायचीच तर मुठीला द्या. तिथेही बेताने. पाच सेंटिमीटर रुंदीच्या सुती पट्टीचे दोन वेढे, टोक चिकटपट्टीने पक्कं. त्याहून जाड केली तर बोटं मुठीभोवती पुरती मिटत नाहीत आणि धरून ठेवण्यातच हात थकतो. सायकलवाल्यांचे अर्ध्या बोटांचे, तळव्याला गादी असलेले हातमोजे फार कामाला येतात. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर मूठ तळहाताच्या बाहेरच्या कडेला दाबते आहे. ती अंगठ्याच्या बाजूला थोडी सरकवून, मनगट मागे न वाकवता सरळ रेषेत ठेवून धरून बघावी.

गोव्याच्या हवेत या कापडांचा वेगळा हिशेब आहे. मे महिन्यात मूठ तासाभरात घामाने निथळते, आणि पावसात धुतलेली पट्टी दोन दिवस वाळत नाही. ओल्या पट्टीवर हात सरकतो, आणि ओल्या स्पंजात बुरशी धरते. तीन जोड असले की एक मुठीवर, एक दोरीवर, एक कपाटात, असं चालतं.

आता कुबडी उलटी करून तिच्या तळाकडे बघू या. टोकाचं रबर दोन-अडीच इंच व्यासाची एक टोपी असते, तळाला एकात एक गोल कड्या. नव्या रबरावर त्या कड्या नखाला लागतात. कुबडी जमिनीवर तिरकी पडते, म्हणून झीज एका बाजूने सुरू होते, चपलेची टाच झिजते तशी. एका बाजूच्या कड्या सपाट झाल्या की ओल्या फरशीवर त्या रबराला धरायला काही उरत नाही. पाणी बाजूला सारण्याचं काम त्या खाचांचं असतं. खाच नसेल तर रबर आणि फरशीच्या मध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो आणि कुबडी बर्फावरून जावी तशी जाते. कधी रबर झिजलेलं दिसत नाही, पण वयाने कडक झालेलं असतं. त्यात नख रोवून बघावं. नख जराही रुतत नसेल तर ते बदलायचं. वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेल्या, मागून आणलेल्या जोडीची ही खोड नेहमीची. टोपीच्या आत एक लोखंडी चकती असावी लागते. ती नसली की नळीची कड रबर आतून कापत जाते आणि एके दिवशी धातू खाली डोकावतो. नवीन रबर आणताना जुनं सोबत न्यावं, किंवा नळीचा बाहेरचा व्यास मोजून न्यावा. सैल रबर चिखलात अडकून निघून येतं.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पणजीच्या आसपास तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. या काळात कुबड्या वापरणाऱ्याचं सगळ्यात धोक्याचं ठिकाण रस्ता नव्हे, स्वतःच्या घराचा दरवाजा. बाहेरून ओलं रबर येतं, आत गुळगुळीत लाल जमीन किंवा चकचकीत लादी असते, आणि मध्ये सुटं पायपुसणं. तिन्ही गोष्टी एका पावलात. पायपुसणं आधी उचलून ठेवा. सोप्यावर दाराला लागून हातांची एक भक्कम खुर्ची ठेवावी, तिची पाठ भिंतीला टेकलेली. बाहेरून आलं की आधी तिथे बसायचं. खुर्चीच्या हाताला अडकवलेल्या जुन्या टॉवेलने दोन्ही टोकं पुसायची, मग मुठी, मग चांगल्या पायाचा तळवा. एक मिनिट लागतं. ते मिनिट वाचवायला जाऊन दुसऱ्यांदा प्लास्टर घालून घेण्यात काही शहाणपण नाही.

अंगणातल्या चिऱ्यांवर, तुळशीभोवती, विहिरीच्या वाटेवर शेवाळ धरतं ते जुलैपर्यंत मखमलीसारखं होतं. त्यावर नवं रबरही टिकत नाही. घरातून गाडीपर्यंतची एकच वाट ठरवावी, ती तारेच्या ब्रशने घासून ब्लिचिंग पावडरने धुवावी आणि आठवड्याने पुन्हा बघावी. बाकी अंगण या मोसमात विसरायचं.

छत्री धरता येत नाही, हे लक्षात येतं ते पाऊस सुरू झाल्यावर. पायघोळ रेनकोट कुबडीत अडकतो. कमरेपर्यंतचं जॅकेट आणि बाजूची नजर न झाकणारी टोपी बरी. दुसरं कुणी छत्री धरणार असेल तर त्याने दुखऱ्या बाजूला, अर्धं पाऊल मागे चालावं. आणि छत्रीची कड नेमकी मुठीवर ठिबकते, तेवढं त्याला सांगून ठेवावं.

चालण्याची रीत डॉक्टरांनी किती वजन टेकायला सांगितलं आहे त्यावर आहे. पाय अजिबात टेकायचा नसेल तर दोन्ही कुबड्या एका हातभर अंतराच्या आत पुढे ठेवायच्या, वजन हातांवर घ्यायचं आणि चांगला पाय त्यांच्या रेषेपर्यंत आणायचा. रेषेपलीकडे झेप घेणं पहिल्या आठवड्यात नको. नजर पावलांवर ठेवली की पाठ वाकते आणि तोल पुढे जातो. दोन-तीन मीटर पुढची जमीन बघत चालावं. ‘थोडं वजन द्या, वीस किलोपर्यंत’ असं सांगितलं की वीस किलो म्हणजे किती हे पायाला कळत नाही. वजनकाटा जमिनीवर ठेवायचा, कुबड्यांच्या आधाराने उभं राहून दुखरा पाय काट्यावर हळूहळू दाबायचा, काटा वीसवर आला की थांबायचं. असं दिवसातून पाच-सहा वेळा केलं की दोन दिवसांत पायाला ते माप पाठ होतं. पुढे एकच कुबडी उरली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. दुखऱ्या बाजूला धरावीशी वाटते, पण मग प्रत्येक पावलाला सगळं शरीर त्या दुखऱ्या पायावरच कलतं.

वयस्कर माणसाला कुबड्या देण्याआधी फिजिओथेरपिस्टला विचारावं. कुबड्यांना हातांची ताकद लागते, तोलही लागतो. सत्तरीच्या पुढच्या आजीला चार पायांचा वॉकर बहुधा जास्त धार्जिणा. घरात पडून असलेल्या कुबड्या फुकट मिळतात म्हणून तिला त्यांवर चालवू नये.

पायऱ्या हा गोव्यातल्या घरांचा खरा पेच. जुन्या घरांना बलकांव, म्हणजे दारापुढचा बसायचा उंच ओटा असतो, त्याला चार-पाच चिऱ्यांच्या पायऱ्या, उंच, कडा झिजलेल्या, आणि धरायला कठडा बहुतेक नाहीच. चढताना चांगला पाय आधी वर जातो, मग कुबड्या आणि दुखरा पाय. उतरताना कुबड्या आधी खाली, त्यांच्यासोबत दुखरा पाय, शेवटी चांगला. उलट का नाही, ते एकदा समजलं की चुकत नाही. दोन्ही वेळा अंगाचं ओझं पेलणारा चांगलाच पाय असतो. चढताना तो अंगाला वर उचलतो, उतरताना वरच्या पायरीवर थांबून गुडघा वाकवत अंग सावकाश खाली सोडतो. कठडा असेल तर दोन्ही कुबड्या एका हातात घेऊन दुसऱ्या हाताने कठडा धरावा. सोबतीचं माणूस नेहमी खालच्या बाजूला, एक पायरी सोडून. आणि पायऱ्या ओल्या असतील किंवा अंगात त्राण नसेल तर सरळ बसावं. पायरीकडे पाठ करून बसायचं, हातांनी आणि चांगल्या पायाने रेटत एकेक पायरी वर सरकायचं. शेजारी बघतात म्हणून पुष्कळ जण हे टाळतात. बघू द्या. सगळ्या रीतींत हीच सगळ्यात सुरक्षित आहे.

उठण्या-बसण्यालाही रीत आहे. बसताना पोटरीला खुर्ची लागेपर्यंत मागे यायचं, दोन्ही कुबड्या दुखऱ्या बाजूच्या हातात एकत्र धरायच्या, मोकळा हात खुर्चीच्या हातावर, दुखरा पाय पुढे सरकवून मग टेकायचं. उठताना तेच, उलट क्रमाने. घरोघरी असतात त्या हलक्या प्लास्टिकच्या खुर्च्या लादीवर मागे सरकतात. त्या भिंतीला लावल्याशिवाय त्यांवर भरवसा ठेवू नये.

न्हाणीघरात कुबड्यांचं काम दारापर्यंतच. आत हातांची, रबरी पायांची खुर्ची, आणि बादली जमिनीवर न ठेवता स्टुलावर, म्हणजे तांब्या बुडवायला वाकावं लागत नाही. भाणातलं, म्हणजे पाणी तापवायच्या भांड्यातलं, कढत पाणी दुसऱ्याने आधीच विसणून ठेवावं. प्लास्टरवर पॉलिथिनची पिशवी चढवून तिचं तोंड प्लास्टरच्या वर त्वचेला चिकटपट्टीने लावायचं, दोरीने करकचून बांधायचं नाही. त्याने रक्त अडतं आणि पाणीही थांबत नाही. पाय न्हाणीच्या बाहेर, दुसऱ्या स्टुलावर. फायबरचं प्लास्टर भिजलं तरी चालतं अशी एक समजूत आहे. वरचं कवच टिकतं, पण आतला कापूस ओला राहतो आणि कातडी कुजायला लागते. भारतीय संडास असेल तर त्यावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते. टॉवेलच्या दांडीला धरून उठू नये. ती चार किलो कपड्यांसाठी भिंतीत ठोकलेली असते, साठ किलोच्या माणसासाठी नाही.

दोन्ही हात गुंतलेले असणं हा कुबड्यांचा सगळ्यात मोठा जाच. चहा केला तर तो टेबलापर्यंत नेता येत नाही. तो ओट्याशीच उंच स्टुलावर बसून प्यावा, किंवा घट्ट झाकणाच्या थर्मासात भरून पाठीवरच्या पिशवीतून न्यावा. एका खांद्यावर लोंबणारी पिशवी पावलागणिक झोका घेते आणि तोल घालवते, म्हणून पिशवी पाठीवरची किंवा छातीवरून आडवी, अंगाला चिकटून बसणारी. सकाळी पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंपू वाजला की धावायची सवय पायांना असते. पावाची पिशवी आदल्या रात्रीच दाराला टांगून ठेवावी, पैसे तिच्यातच. मोबाइल गळ्यात. पावसाळ्यात वीज केव्हाही जाते, तेव्हा छोटी विजेरीही गळ्यातच हवी. उशाशी ठेवलेली विजेरी अंधारात सापडत नाही. रात्रीची संडासाची वाट निजण्याआधी मोकळी करून घ्यायची: विळी, पाट, चार्जरची वायर, सोप्यावर निजलेला कुत्रा.

बाहेर पडायचं तर गाडीची मागची सीट बरी. पाठ आधी आत, मग सरकत सरकत पाय सीटवर लांब. सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरली की अंग सहज वळतं. मोटरसायकल पायलट, म्हणजे भाड्याची दुचाकी, या काळात नकोच. थांबताना पाय टेकायची वेळ आली तर टेकायला पाय नाही. फेरीबोटीवर दोन ठिकाणी जपायचं. पहिलं धक्क्याचा उतार: ओहोटीला ओल्या, शेवाळलेल्या सिमेंटवरून जास्त खाली उतरावं लागतं. दुसरं म्हणजे बोटीचं चढण्या-उतरण्याचं लोखंडी फाळकं, नदीचं पाणी आणि गाड्यांचं तेल मिसळून निसरडं झालेलं. आधी गाड्या आणि दुचाक्या जाऊ द्याव्यात, मग अर्ध्या अर्ध्या पावलांनी उतरावं. कुणी हात धरायला आलं तर दंड धरू देऊ नये, कुबडी हलते. कमरेचा पट्टा मागून धरायला सांगावं. किनाऱ्यावरच्या सुक्या वाळूत टोकं रुततात, आणि वाळू नळीत शिरली की बटण अडकतं. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या हवेने बोल्ट गंजतो, छिद्रांभोवती पांढरी भुकटी धरते. महिन्यातून एकदा नळ्या वेगळ्या करून गोड्या पाण्याने धुवून, पुसून, वाळवून परत बसवाव्यात. खोबरेल किंवा कुठलंच तेल रबराला लागू देऊ नये.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, याच दिवसांत आली तर घर माणसांनी भरतं. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, उभं राहून तासभर आरत्या म्हणायचा आग्रह मोडता आला पाहिजे. खुर्ची भिंतीकडेला, पाय दुसऱ्या खुर्चीवर उशी घेऊन. पाय लोंबता राहिला की सूज चढते आणि प्लास्टर आवळतं. आडवं पडल्यावर तो छातीपेक्षा वर राहील इतक्या उशा घ्याव्यात, आणि जागेपणी तासातासाला बोटं हलवत राहावीत. पोरं कुबड्या घेऊन खेळतात. दुखापतीच्या माणसाचे ते पाय आहेत, त्याच्या हातापलीकडे ते कुणी नेऊ नयेत, हे घरातल्या मोठ्यांनी बजावायचं.

काही गोष्टी उद्यावर टाकायच्या नाहीत. बोटं निळसर किंवा गार पडली, बधिर झाली, उंच ठेवूनही सूज आणि कळ वाढतच राहिली, प्लास्टरमधून घाण वास आला, तर त्याच दिवशी दवाखाना. पोटरी एका बाजूची सुजून दुखायला लागली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न बघता १०८ ला फोन करावा. पडून राहिलेल्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुफ्फुसात पोचू शकते.

पाय बरा झाला की कुबड्या माळ्यावर जातात आणि एखाद्या दिवशी कुणीतरी त्या मागायला येतं. देताना टोकाची रबरं नवी घालून द्यावीत, मुठीच्या पट्ट्या आणि खोळी काढून टाकाव्यात, नट पिळून बघावा. आपल्या मापाच्या छिद्रावर शाईने खूण केलेली असते किंवा चिकटपट्टी लावलेली असते. ती पुसून काढावी, आणि नेणाऱ्याला दारातच विचारावं, ज्याच्यासाठी नेतोस त्याची उंची किती?